अखंड यंत्राचा पहारा

माझा थोरला धर्मराज टाळी फार लवकर वाजवतो. समोरचा माणूस काय बोलतोय ते डोक्यात उतरायच्या आधी ह्याचे तळहात एकमेकांवर आपटलेले असतात. जादूवाला यायचा तेव्हा तेच, आणि आता शाळेच्या समितीचा अध्यक्ष झाला तरी तेच. पन्नाशीला टेकलेल्या लेकाला मायनं किती सांगावं? पण ह्या दिवाळीनंतर तो टाळीवर थांबला नाही. भर सभेत त्यानं एका बारा वर्षांच्या पोरीला दरडावून खाली बसवलं. म्हणून हे लिहायला घेतलं. मी दुसरी पास आहे. शुद्धलेखन कोणी तपासू नये, गोष्ट तपासावी.

त्या दिवशी शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. केजपासून आमचं गाव बारा किलोमीटर, तरी तिकडूनही जीपा भरून माणसं आली होती. माळवदावर पोरं, कट्ट्यावर म्हातारे, पुढं सतरंजीवर बायका. मागं भला मोठा बॅनर: ‘उद्याची ऊर्जा, आजचा संकल्प! प्रमुख वक्ते, ऊर्जारत्न डॉ. अंगदजी.’ डॉक्टर कशाचे, ते बॅनरवर नव्हतं. धर्मराजनं त्याला मोबाईलवर बघितलं होतं. तिथंच टाळी वाजवली असणार.

अंगदजी पांढऱ्या गाडीतून उतरला. पांढरा कोट, कानाला अडकवलेला माईक, पायात पांढरे बूट. आमच्या काळ्या मातीत पांढरे बूट घालून येणारा माणूस एक तर फार थोर असतो, नाही तर लवकर निघून जाणारा असतो.

“मित्रांनो, पृथ्वी फिरते का नाही?”

“फिरतीऽऽ!”

“तिच्यात डिझेल कोण टाकतं?”

“कोनीच न्हाईऽऽ!”

“सूर्याला लाईटबिल येतं?”

“न्हाईऽऽ!”

“मग तुम्हाला का येतं? सांगतो. कारण तुमचं व्हायब्रेशन लो आहे!”

व्हायब्रेशन म्हणजे काय ते मला कळलं नाही. पण लो आहे म्हटल्यावर माझ्या शेजारच्या बायका पदर सावरून ताठ बसल्या.

“डोळे मिटा! हात वर! म्हणा, मीच पॉवर!”

“मीच पॉवर!”

“अजून जोरात! शेजारच्या गावाला ऐकू गेलं पाहिजे!”

“मीच पॉवर!” एवढी माणसं एकदम ओरडली. ओट्याखालची कुत्री उठून वेशीकडं पळाली. मी डोळे मिटले नव्हते, म्हणून दिसलं.

मग त्यानं निळा साटीनचा कपडा ओढला. खाली यंत्र. एक मोटर, एक पट्टा, कडबा कापायच्या मशीनला असतं तसं जाडजूड लोखंडी चाक, पलीकडं डायनामो. हे सगळं एका बंद पत्र्याच्या पेटीवर बसवलेलं. पेटीला कुलूप, कुलपावर पितळी ‘श्री’. अंगदजीनं दोरी ओढली. चाक घरघरलं, वेग धरला, आणि वर माळेला लावलेले तीस बल्ब भकन् पेटले.

पटांगणातून एकच ‘आऽऽ’ निघाला.

“मोटर चाकाला फिरवते, चाक डायनामोला फिरवतं, डायनामो मोटरला वीज देतो. वर्तुळ पूर्ण! डिझेल नाही, ऊन नाही, वारा नाही. एकदा ढकला, पिढ्यान् पिढ्या चालेल. मित्रांनो, हे यंत्र अखंड आहे!”

अखंड हा शब्द ऐकला आणि त्रिंबकबुवा उठले. बुवा म्हणजे आमच्या गावचा हरिनाम सप्ताह वर्षानुवर्षं चालवणारा माणूस. वाकून पुढं गेले, चाकाच्या बैठकीला हळदीकुंकू लावलं, नारळ ठेवला. मग काय, बायकांची रांगच लागली.

अंगदजीनं शाळेच्या छताकडं बोट केलं. “आणि हे काय आहे? आठ काचा! ढग आला, बंद. सूर्य मावळला, बंद. ही कालची टेक्नॉलॉजी. उद्या आमची गाडी ह्या काचा घेऊन जाईल, बदल्यात हे यंत्र गावाला अर्पण. पुढच्या आठवड्यात शेतातल्या पंपांवरच्या प्लेटांचंही बघू. मंजूर?”

टाळी. पहिली कोणाची, ते सांगायला नको.

आता ह्या आठ प्लेटा म्हणजे काय, ते सांगते. दिवाळी झाली की आमच्या गावातली निम्मी घरं कुलूपबंद होतात. नवराबायको कोयते घेऊन ऊस तोडायला जातात ते पाच-सहा महिने. पूर्वी लेकरंही जायची. फडात पाचट गोळा करायची, शाळा सुटायची ती सुटायचीच. आता शाळेच्या दोन खोल्यांत हंगामी वसतिगृह आहे. चाळीस लेकरं तिथं राहतात, आणि त्यांचा स्वयंपाक माझ्या हाताखाली होतो. पाण्याचं बोर खाली ओढ्याकाठी. शाळेपर्यंत आणि तिथवर खांब पोचले, तार काही पोचली नाही. बोरची मोटर चालते ती ह्या प्लेटांवर. संध्याकाळचे दिवेही त्यांच्यावरच.

प्लेटा बसवल्या तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. काचेतून कुठं पाणी येतं का, म्हणून. पण बसवणारी पोरं सरळ होती. म्हणाली, “काकू, ढगात कमी चालंल. धूळ बसली की पुसावं लागंल. पाच-सहा वर्षांनी बॅटऱ्या बदलाव्या लागतील.” आपल्या वस्तूत काय कमी आहे ते जो सांगतो, त्याच्यावर थोडा भरवसा ठेवता येतो. अंगदजीच्या यंत्रात कमी असं काहीच नव्हतं. मला तिथंच खटकलं.

आणि मला खटकलं तेच त्या पोरीला खटकलं.

पुढच्या ओळीतून ऋतुजा उभी राहिली. मंगलची धाकटी, सातवीत. मंगल आणि तिचा नवरा दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता ट्रॅक्टरनं कारखान्यावर निघणार होते, आणि ऋतुजा पहिल्यांदाच वसतिगृहात राहणार होती.

“सर, एक इचारू? डायनामोची लाईट मोटरला परत जाती. मग वर तीस बल्ब लागलेत, त्यांची लाईट कुठून येती? ती जास्तीची?”

 अंगदजी हसला. दात सुरेख होते.

“किती गोड बाळ! पण बेटा, प्रश्न म्हणजे शंका. शंका म्हणजे निगेटिव्ह एनर्जी. वैज्ञानिकांना जे पन्नास वर्षं कळलं नाही ते तुला एका मिनिटात…”

“पर सर, जास्तीची लाईट…”

तेवढ्यात धर्मराज उठला. “ए, खाली बस गं! कोयता धरायची अक्कल, आन चालली सायंटिस्टला शिकवायला!”

लोक हसले. मंगलनं लेकीला दंडाला धरून खाली ओढलं. सत्यशीला मॅडम, आमच्या शाळेच्या शिक्षिका, अर्ध्या उभ्या राहिल्या. “अध्यक्ष, मुलीचा प्रश्न बरोबर आहे…”

“मॅडम, पावणे हायत गावाचे. तुमचं उद्या वर्गात बोला.”

मॅडम बसल्या. मीही बसूनच राहिले. चारचौघांत लेकाला बोलू नये म्हणून मी गप्प राहिले, हे माझं चुकलं. लिहून ठेवते.

सभा उठल्यावर मंगल माझ्याकडं आली. पदराला गाठी मारत होती, सोडत होती.

“काकू, प्लेटा जाणार म्हणत्यात.”

“म्हणत्यात.”

“आन ती मशीन बंद पडली तर? चाळीस लेकरांना पाणी कुठलं? मी कुणाच्या भरवशावर ठिवू?”

“मी हाय की.”

“तुमी ओढ्यावरून घागरी वाहणार का?” ती रडत नव्हती. हिशेब करत होती. “थोरलीला बाराव्या वर्षी फडावर नेलतं. पुन्ना शाळंत गेली न्हाई. चौदाव्या वर्षी लगीन. आता बघा तिला, माझ्याहून म्हातारी दिसती. हिला ठिवायची हाय मला, काकू. पर अशी उपाशीतापाशी न्हाई ठिवणार. उद्या पाण्याचं पक्कं दिसलं न्हाई, तर पोरगी ट्रॅक्टरात.”

ती गेली. उद्या चार वाजेपर्यंत. तेवढाच वेळ.

अंगदजीचा मुक्काम आमच्याच घरी. अध्यक्षाचं घर ना! चार जणांनी यंत्र उचलून पुढच्या खोलीत ठेवलं. दम लागला त्यांना. त्यानं दार लावून घेतलं. “यंत्राला आता एकांत हवा.”

भाकरी वाढताना मी विचारलं, “अखंड हाय म्हणलात. मग बंद कावून केलं?”

“माताजी, ते बंद नाही. समाधीत आहे. ब्रह्मांडातून ऊर्जा ओढून घेतंय.”

“ब्रह्मांड पुढच्याच खोलीत येतंय का? माळवदावर ठिवा की. जवळ पडंल.”

धर्मराजनं माझ्याकडं डोळे वटारले. अंगदजीनं ठेचा मागितला, आणि तिखट लागला म्हणून तांब्याभर पाणी प्याला. आणि मी त्याची माताजी नाही.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठते. अंगणात सडा टाकायला गेले. ओसरीवर आमचं विजेचं मीटर आहे, त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो. घरात टीव्ही-दिवे चालू असले की जरा भरभर, सगळं बंद असलं की अगदी सावकाश, पेंगुळलेल्या माणसाच्या डोळ्यासारखा. त्या सकाळी घरात एक बल्ब चालू नव्हता. थंडीचे दिवस, पंखाही नाही. आणि दिवा नुसता धावत होता.

मी बादली खाली ठेवली. पुढच्या खोलीच्या दाराला फट आहे. डोळा लावला. भिंतीतल्या प्लगमधून बोटाएवढी काळी वायर निघाली होती आणि निळ्या साटीनखाली गेली होती. ब्रह्मांड ते.

धर्मराजला उठवलं. “चल, बघ.”

“माय, ते सॉफ्टवेअर अपडेट होत आसंल.”

“मंग आपलं मीटर कावून पळतंय?”

“तुला न्हाई कळायचं माय. दुसरीपत्तुर शिकलीस. उगं पावण्याचा आपमान करू नको.”

पुन्हा तेच. काल त्या पोरीला, आज मला. पण मी आवाज चढवला नाही. दार उघडून दंगा केला असता, तर त्या माणसानं वायर काढून दुसरं नाव सांगितलं असतं, आणि गाव म्हणालं असतं, म्हातारी जळती. वायर दाखवून उपयोग नव्हता. गावाला ते यंत्र वायरीशिवाय दाखवायला हवं होतं. बराच वेळ. आणि अख्ख्या गावासमोर.

पण गाव एका यंत्रासमोर तासन् तास बसेल कसं? सडा अर्धा टाकून मी तशीच देवळाकडं चालायला लागले.

त्रिंबकबुवा पायऱ्या झाडत होते.

“बुवा, अखंड म्हंजी काय वो?”

बुवा थबकले. “वहिनी, तुमी इचारावं हे? न थांबणारं ते अखंड. सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकवत न्हाईत, ते अखंड.”

“आन पहारा?”

“दोन-दोन तासांचा. वहीत नाव, एकानं सोडायच्या आधी दुसऱ्यानं धरायची.”

“मंग ह्या अखंड यंत्राला पहारा नको? गावात आलंय, गावाचं होणार. आन रात्रभर कोंडून ठिवलं एकटं.”

बुवांच्या हातातला झाडू खाली पडला. चेहरा एकदम उजळला. “वहिनी, हे आमाला सुचाय पाह्यजे होतं! सात दिवस पहारा धरू! वही आणतो!”

मी बुवांना फसवलं का? थोडं. पण खोटं अक्षर बोलले नाही. यंत्र अखंड असेल तर बुवांचा सप्ताह पार पडेल, नसेल तर बुवांनाच पहिल्यांदा कळेल.

नऊच्या सुमाराला टाळ वाजवत पंचवीस-तीस माणसं आमच्या दारात. अंगदजी दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस.

“महाराज, चला. यंत्राचा पहारा हाय.”

“कसला पहारा?”

“अखंड पहारा. सात दिवस.”

अर्ध्या गालाचा फेस तसाच राहिला. “सात… नको, नको, एवढं कष्ट कशाला? एक तास खूप झाला. सिम्बॉलिक.”

“सिम्बॉलिक न्हाई करत आमच्यात. सात दिवस म्हंजी सात दिवस. तुमीच म्हणलात ना, पिढ्यान् पिढ्या?”

पोरांचे मोबाईल समोर होते. नाही म्हणता येईना. यंत्र उचलून पटांगणात नेलं. उचलताना मी त्या वायरीचं टोक प्लगमधून स्वतःच्या हातानं काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. 

पटांगणात मी सत्यशीला मॅडमना बाजूला घेतलं. “मॅडम, तीस बल्ब म्हंजी काय काम हाय? आपली बोरची मोटर लावा त्याला. खोल्यांतले दिवे, पंखे, समदं लावा. गावाला द्यायचं तर गावाचं काम करू द्या.”

मॅडम माझ्याकडं बघून हळूच हसल्या. काल गप्प बसवलेलं माणूस असं हसतं. कधी नव्हे ती त्यांनी साडी खोचली आणि वायरी ओढायला लागल्या.

अंगदजीनं दोरी ओढली. चाक फिरलं. पंखे फिरले. टाकीत पाण्याची धार पडली. टाळ, मृदंग, वहीतलं पहिलं नाव त्रिंबकबुवांचं. बुवा चाकासमोर ताठ उभे, हात जोडलेले. डोळ्यात पाणी.

आणि माझा लेक? तो शिडी लावून छतावर. “गाडी येईस्तोवर प्लेटा उतरून ठिवतो,” म्हणाला. मी खालून ओरडले, “पहारा होऊ दे की आधी!” ऐकलं नाही. पहिली प्लेट खाली आली. मग दुसरी.

माझं एका जागी बसणं होईना. चाकाकडं बघायचं, छताकडं बघायचं, मग वेशीकडं, जिथं ट्रॅक्टर उभा होता आणि मंगल ट्रॉलीत बोचकी रचत होती. ऋतुजाचं दप्तर खाली एका दगडावर. ना ट्रॉलीत, ना वसतिगृहात. पोरगी त्याच्या शेजारी बसून बुटाच्या नाडीशी चाळा करत होती. स्वयंपाकघरात जायचं, पिठात हात घालायचा, तसाच पिठाचा हात घेऊन परत बाहेर. दहा वाजले. चाक फिरतंय. साडेदहा. फिरतंय. बायका कुजबुजायला लागल्या, “खरंच हाय बाई काहीतरी.” माझाही जीव खालीवर. मीटरचा दिवा मी बघितला होता, पण त्या पेटीत काय आहे ते कुठं बघितलं होतं?

पावणेअकराला अंगदजी बुवांच्या कानाला लागला. “आता थोडी विश्रांती द्यावी. दहा मिनिटं. आत नेऊ.”

“पहाऱ्यात हालवत न्हाईत, महाराज.”

“निदान ग्राउंडिंगसाठी एक वायर लावू. समोरच्या घरातल्या प्लगला.”

बुवांनी कपाळाला आठी घातली. “वीणा दमली म्हणून कुणी खाली ठिवतं का? तुमी बसा. च्या घ्या.”

सव्वाअकराला पंखे मंदावले. बल्ब पिवळे पडले. अंगदजीनं माईक घेतला. “मित्रांनो, इथं कोणीतरी शंका घेतंय. मला जाणवतंय! आणि माता-भगिनींमध्ये कोणाची अडचण असेल, तर त्यांनी कृपया बाजूला…”

चार-पाच तरण्या पोरी खाली मान घालून उठायला लागल्या. मी पिठाचा हात वर केला. “कुनी उठायचं न्हाई! वो ऊर्जारत्न, बायकांच्या अडचणीनं लाईट जात आसती, तर आख्ख्या जिल्ह्यात कदी बल्ब लागला नसता!”

बायका फस्सकन् हसल्या. पोरी परत बसल्या.

बाराला दहा कमी असताना टाकीतली धार बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली. पंखे थांबले. बल्ब विझले. चाक आणखी थोडं फिरलं. कडबा कापून झाल्यावर हात काढला की मशीनचं चाक जसं उगाच चार वेढे घेतं, तसं. मग तेही थांबलं. टाळवाल्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

“ढकला!” छतावरून धर्मराज ओरडला. “एकदा ढकला!”

दोघांनी ढकललं. फिरलं, थांबलं. चौघांनी ढकललं. फिरलं, थांबलं. त्रिंबकबुवांनी वही मिटली.

“मॅडम,” बुवा म्हणाले, “पेटी उघडा.”

“कुलूप तोडलं तर मी जबाबदार नाही! हे पेटंट आहे!” अंगदजी पेटीसमोर आडवा झाला.

“सरका वो,” बुवा म्हणाले. मोठ्यानं नाही. पण तो सरकला.

कुलपाला हात न लावता मॅडमनी बाजूच्या पत्र्याचे स्क्रू काढले. पत्रा बाजूला केला. सगळं गाव वाकलं. आत चार काळ्या बॅटऱ्या, बॅटरीच्या रिक्षाला असतात तशा, आणि शेजारी एक इन्व्हर्टर. बस्स. ब्रह्मांड संपलं.

“ऋतुजा कुठंय?” मॅडमनी हाक मारली. “ये इकडं. काल तुला उत्तर मिळालं नाही, ते आता बघ. बल्ब, पंखे, बोर, सगळं ह्या बॅटऱ्यांवर चालत होतं. चाक नुसतं देखाव्याला. काल पाऊण तास थोडे बल्ब लावले, भाषण संपलं, यंत्र खोलीत. रात्री बॅटऱ्या परत भरल्या. कशावर?”

“आमच्या मीटरवर,” मी म्हणाले. “सकाळी पळत हुतं ते.”

“आज पाणी उपसायला लावलं. जड काम. दोन-अडीच तासांत रिकाम्या. आता ह्या पट्ट्याला हात लाव.”

पोरीनं बोट लावलं आणि झटकन् मागं घेतलं. “मॅडम, गरम हाय!”

“ही उष्णता कुठून आली? बॅटरीतल्याच विजेची. म्हणजे चाक वीज जास्तीची देत नव्हतं, उलट थोडी खात होतं. जास्तीची कुठूनच येत नाही बाळ. घालावी तेवढीच निघते, त्यातली थोडी वाया जाते. छतावरच्या प्लेटा बाहेरून ऊन घेतात, म्हणून चालतात. ऊन दिसतं, मोजता येतं. लपवावं लागत नाही.”

अंगदजीनं शेवटचा प्रयत्न केला. “मित्रांनो, हा एक प्रेरणादायी डेमो होता! विचार महत्त्वाचा…” पण माईक त्याच यंत्राच्या विजेवर होता. कोणाला ऐकू गेलं नाही. पोरांनी गाडीसमोर बैलगाडी आडवी लावली, मॅडमनी केजला पोलिसांना फोन केला. पुढचं त्यांचं ते बघतील. मला त्या माणसात आता रस नव्हता.

कारण मंगलनं दगडावरचं दप्तर उचलून ट्रॉलीत टाकलं होतं.

मी धावतच गेले. ह्या वयात. “मंगल, आगं उघडं पडलं समदं! लबाड निघाला!”

“निघाला की. पर पाणी कुठं हाय, काकू? मशीन मेलेली, प्लेटा भुईवर. चार उतरल्यात तुमच्या लेकानं, उरलेल्यांच्या वायरी सोडल्यात.” तिनं बोचक्याची गाठ आवळली. “काल त्याच्या शब्दावर गाव नाचलं. आज तुमच्या शब्दावर मी लेक ठिवू? नळाला पाणी आलेलं ह्या डोळ्यांनी बघीन, मगच दप्तर काढीन.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. गावात त्या दिवशी सगळ्यात शहाणी बाई ती होती.

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. जे हात सकाळी टाळ वाजवत होते तेच शिडी धरून उभे. प्लेट वर चढवायची, पकडायची, बोल्ट शोधायचे. दोन बोल्ट घाईत कुठं गडगडले ते सापडेनात. मॅडम वायरी जोडत होत्या, ऋतुजा खालून लाल-काळी ओळखून देत होती. धर्मराज छतावर एकेक बोल्ट आवळत होता. दोन वाजले. अडीच. नळ सोडला तर नुसती हवा. कुठंतरी जोड सुटलेला. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. सूर्य कलायला लागला आणि माझी नजर काचांवरून हलेना. तीन. पुन्हा हॉर्न. मंगल नळासमोर उभी, कमरेवर हात.

सव्वातीनला नळ खोकला. गढूळ पिचकारी आली. मग पाणी.

मंगलनं ओंजळ धरली. मग बादली लावली, आणि ती काठोकाठ भरेपर्यंत हलली नाही. भरल्यावर ट्रॉलीकडं गेली, दप्तर काढलं आणि माझ्या हातात दिलं. “संबाळा,” एवढंच म्हणाली. ट्रॅक्टर चारला निघाला. ऋतुजा वेशीपर्यंत पळत गेली, आणि एकटीच चालत परत निघाली.

मी पटांगणात उभी होते. धर्मराज छतावरून उतरून हात पुसत समोर आला. माणसं आजूबाजूला होतीच. त्याला वाटलं असेल, माय पाठीवरून हात फिरवील.

“माय, फसलो. माणूस फसतो. आता इषय संपव.”

मी आवाज बारीक केला नाही. जे भर सभेत केलं, त्याचा निवाडा भर सभेतच झाला पाहिजे.

“फसलास ह्याचा मला राग न्हाई, धर्मराज. मीबी फसले आसते. उद्याच्या लाईटीची भाषणं ऐक, शंभर ऐक, नवीन मशीन येऊ दे गावात. पर मशीन आणणाऱ्याला इचारायचं, हे चालतं कशावर, थांबतं कदी, आन झाकण उघडून दाव. दावलं तर घरात घ्यायचं, न्हाई दावलं तर वेशीबाहीर. एवढं कळाया दुसरी पास लई झाली. तुजा गुन्हा निराळा हाय. ज्यानं उत्तर दिलं न्हाई तो तुला थोर वाटला, आन जिनं सवाल केला तिला तू कोयता दावलास. ती पोरगी आज ट्रॉलीत गेली आसती, तर तिला त्या लबाडानं न्हाई, तू धाडलं आसतंस. अध्यक्षाच्या खुर्चीत बसायच्या लायकीचा तू आज तरी न्हाईस. ती बघ, वेशीवरनं येतीय. जा, समद्यांच्या देखत तिची माफी माग, आन म्हण, पोरी, तुजा सवाल बरोबर हुता.”